पाय परत द्या

फोन वाजला तेव्हा ताई दुकानाच्या दारातच उभ्या होत्या. सकाळपासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. पेटी आज येणार होती आणि ती आपल्याच हातांनी आत घ्यायची असा त्यांचा हट्ट होता. मी मेसेज वाचून दाखवला, ‘आपले पार्सल आपल्याला मिळाले आहे. धन्यवाद.’

ताईंनी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं.

“मला मिळालंय?”

“असं ते म्हणतायत.”

“मग मला कसं दिसत नाही?”

मेसेजसोबत एक फोटो होता. पेटी आमचीच, पत्र्याच्या पट्ट्या मारलेली, पण ठेवली होती कुठल्याशा बंद करड्या शटरसमोर. आमच्या दुकानाला शटर नाही. लाकडी दार आहे, आणि त्या दारात ताई उभ्या होत्या. त्यांना चुकवून मांजरसुद्धा आत गेलं नसतं, पेटी कुठली जाते!

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. आमचं दुकान बुटांचं, पण बाजारात मिळतात तसल्या बुटांचं नाही. ज्यांच्या पायांना बाजारातला कुठलाच बूट होत नाही ते आमच्याकडे येतात. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची बोटं अपघातात गेलेली असतात, कुणाचा घोटा जन्मापासून आत वळलेला असतो. माझे सासरे, म्हणजे ताईंचे बाबा, अशा प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप घेऊन लाकडात त्याचे हुबेहूब पाय कोरायचे. आम्ही त्यांना साचे म्हणतो. साच्यावर चामडं ताणायचं, ठोकायचं, सुकवायचं, की त्या माणसाला, आणि फक्त त्यालाच, होईल असा बूट तयार. साचा आमच्या फळीवर राहतो, म्हणून पुढे बूट झिजला की गिऱ्हाईक नुसता निरोप धाडतं.

बाबा गेल्यावर दुकान ताईंनी सांभाळलं. वरचं चामडं मी शिवते. फोन आणि पार्सलंही माझ्याकडे, कारण फोनवर ताईंचा आवाज दुसऱ्याच वाक्याला चढतो.

यंदा त्या साच्यांना कीड लागली. फळ्यांवर रोज सकाळी लाकडाची भुकटी पडलेली दिसायला लागली. दुसऱ्या एका शहरात लाकडाची कीड काढून देणारा कारखाना होता, तिथे सगळे साचे पाठवले. त्यांनी काम चोख केलं, आणि ताईंनी पुन्हा पुन्हा बजावल्यामुळे पेटीचा विमा उतरवून ती कुरिअरने परत धाडली. तीच पेटी आता कुणाच्या तरी दारात होती आणि आम्हाला ती ‘मिळाली’ होती.

“चल,” ताई म्हणाल्या, आणि कामाचा एप्रन न काढताच चालू लागल्या.

कुरिअरच्या ऑफिसात गारेगार हवा होती, भिंतीला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या आणि काचेमागे एक मुलगी होती. तिने नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दाखवतंय.”

“दाखवू दे. माझ्याकडे आलेली नाही.”

“पण मॅडम, डिलिव्हर्ड आहे.”

“बाळा, मी तुझ्यासमोर उभी राहून सांगतेय, आलेली नाही. तुझा विश्वास माझ्यावर की त्या डब्यावर?”

मुलीने खरंच क्षणभर विचार केला. “डब्यावर, मॅडम. नाहीतर मला ओरडतात.”

मी मधे पडले. विम्याची पावती पुढे केली. मुलगी म्हणाली, विमा हरवलेल्या पार्सलला लागतो आणि हे पार्सल हरवलेलं नाही. मग चुकीच्या जागी दिलं अशी तक्रार घ्या, म्हटलं. तर म्हणाली, ती तक्रार डिलिव्हरी झाली नसेल तरच घेता येते.

“म्हणजे पेटी हरवलेली नाही, कारण ती आम्हाला मिळाली,” मी म्हटलं, “आणि मिळाली नाही असं आम्ही म्हणू शकत नाही, कारण ती हरवलेली नाही?”

“हो मॅडम!” तिला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. कुणीतरी एकदाचं समजून घेतलं होतं.

पेटी आणणाऱ्या माणसाला विचारा, असं ताईंनी सांगून पाहिलं. तो हंगामी होता, आता कामावर नाही, असं उत्तर आलं. पत्ता नाही, नंबर नाही. मग आम्ही दोघींनी तो फोटो मोठा करून छापून घेतला आणि दुकान बंद केल्यावर रोज गल्ल्या पालथ्या घालायला सुरुवात केली. फोटोत करडं शटर आणि खालच्या दगडी पायरीचा एक कोपरा, एवढंच. शहरात करड्या शटरांची साथ आल्यासारखी ती जिकडेतिकडे दिसत होती. ताई प्रत्येकापुढे थांबायच्या, फोटो धरून बघायच्या, शेजारच्या दुकानात विचारायच्या. पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळे आम्हाला ओळखायला लागले. पेटी मात्र सापडेना.

दरम्यान गिऱ्हाइकांना उत्तर देणं भाग होतं. पहिले आले लिफ्टवाले काका. ते एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवतात. डावा पाय आखूड असल्यामुळे त्या बुटाचा तळ चांगला जाड करावा लागतो. तो आता उभा चिरला होता. ताईंनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “काका, तुमचे पाय हरवलेत.”

काकांनी खाली वाकून पाहिलं. “हे काय, इथेच तर आहेत.”

मग मी सगळा प्रकार सांगितला. चिरलेला बूट हातात घेऊन काकांनी बराच वेळ उलटापालटा केला. “मग आता काय करायचं, पोरी?”

“आता भांडायचं,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला सुट्टी कधी असते?”

त्याच दुपारी त्यांनी मला सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर लावायला सांगितले आणि स्वतः बोलल्या. आवाज चढत होता, पण या वेळी त्याचा उपयोग झाला. सोमवारी सकाळी कुरिअरच्या ऑफिसासमोर ही माणसं जमली. लिफ्टवाले काका आले. निवृत्त नर्सबाई आल्या. गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं लहानपणीच्या अपघातात गेलेली. जन्मभर पायी टपाल वाटून पायांची चाळण झालेले टपालकाका काठी टेकत आले. आणखीही बरेच होते. कुणी लंगडत, कुणी मुलाच्या खांद्यावर हात टाकून.

आत गेल्यावर ताईंनी प्रत्येकाला खुर्चीवर बसवलं. मग एकेकाचा बूट काढून घेतला आणि काउंटरवर ओळीने मांडला. जाड तळाचा, रुंद पंज्याचा, आखूड, वाकडा, घोट्यापर्यंत बांधायचा.

काचेमागची मुलगी उठून उभी राहिली. “मॅडम, हे काय?”

“हे बूट ज्या पायांवर बनले ते पाय तुमच्याकडे आहेत. पाय परत द्या, बूट उचलते.”

आतल्या केबिनमधून टायवाले साहेब धावत बाहेर आले. “हे खाली घ्या आधी! हे काउंटर आहे!”

“पेटी आणा आधी.”

“बाई, तुमची पेटी डिलिव्हर...”

“तो शब्द पुन्हा माझ्यासमोर काढू नका,” ताई म्हणाल्या. “माझ्याकडे आलेली नाही. मी खोटं बोलतेय असं म्हणायचं असेल तर या सगळ्यांसमोर तसं म्हणा. मोठ्याने म्हणा.”

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. टपालकाका काठीवर हनुवटी टेकवून त्यांच्याकडे बघत होते. “माझ्याकडूनही व्हायचं हो चुकून,” ते म्हणाले. “पत्र भलत्याच दारात पडायचं. दुसऱ्या दिवशी जायचो आणि मागून आणायचो. चार शब्द ऐकून घ्यायला लागायचे, पण आणायचो. तुमच्यात तशी पद्धत नाही का?”

“माझा मिक्सरपण डिलिव्हर्ड आहे म्हणतात!” मागून एक अनोळखी बाई ओरडली. ती आमची कुणी नव्हती. नुसती रांगेत होती. तिच्यामागच्या माणसाला त्याचा कुठलासा कोट आठवला. बघता बघता ऑफिसात असा गलका झाला की साहेबांनी दोन्ही हात वर केले. “चौकशी करतो. लेखी देतो. पण कृपा करून बूट उचला.”

ताईंनी लेखी घेतलं. मगच बूट उचलले आणि खाली बसून एकेकाच्या पायात घालून नाड्या बांधून दिल्या.

त्या आठवड्याच्या शेवटी साहेब स्वतः दुकानात आले. टाय तोच, चेहरा वेगळा. खुर्चीवर बसले, चहा घेतला, दुकानाचं कौतुक केलं. मग बॅगेतून कागद काढला. कंपनीने मोठ्या मनाने पार्सल ‘हरवलं’ असं धरायचं ठरवलं होतं. विम्याची सगळी रक्कम मिळणार होती, एक पैसा कापणार नव्हते. ताईंनी फक्त सही करायची.

“वाचण्यासारखं काही नाही त्यात, मॅडम. नेहमीचाच मजकूर.”

“मग वाचूनच घेऊ,” ताई म्हणाल्या आणि चष्मा लावला.

त्या वाचत असताना साहेब माझ्याशी हवापाण्याचं बोलत होते. ताईंचं बोट कागदाच्या तळाशी येऊन थांबलं.

“‘यापुढे माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही.’ बरं. ‘शोधकार्य समाप्त समजावे.’ बरं. ‘सदर वस्तू नंतर आढळल्यास तिच्यावर विमा कंपनीचा हक्क राहील.’ म्हणजे उद्या पेटी सापडली तर माझ्या बाबांनी कोरलेले पाय तुमचे?”

“विमा कंपनीचे. पण आता ती कुठली सापडतेय, मॅडम?”

“तुम्ही शोधताय ना?”

साहेबांनी कप खाली ठेवला.

“शोधताय की नाही?”

“सही झाली की शोधायची गरजच उरत नाही.”

“आणि नाही केली तर?”

“तर पैसे मिळणार नाहीत.”

“मी ते विचारलं नव्हतं.” ताईंनी कागदाची घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली. “चहा झाला असेल तर कामाला लागा. शोधा.”

त्या संध्याकाळी जेवताना माझ्या नवऱ्याचा पारा चढला. “ताई, तुला कळतंय का तू काय केलंस? आता मशीनवर साचे बनतात. त्या पैशांत सगळ्यांचे नवे झाले असते. मिळत होतं ते घालवलंस!”

“मशीनवर बनतात, मला माहीत आहे.”

“मग अडलं कुठे?”

“त्यांनी पेटी भलतीकडे टाकली. वर मला खोटं पाडलं. आणि आता मी लिहून द्यायचं की माझी काही तक्रार नाही?” ताईंनी ताट बाजूला सारलं. “आहे तक्रार. चांगली भलीमोठी आहे. ती विकायची असती तर बाजारात बसले असते.”

“बाबा असते तर त्यांनी सही केली असती.”

“केली असती. आणि नंतर मनाला लावून घेऊन रात्रभर खोकत बसले असते. मी नाही बसणार.”

नवरा माझ्याकडे वळला. मी भात वाढायच्या निमित्ताने उठले. हिशोब त्याचाच बरोबर होता. पण ‘माझी कोणतीही तक्रार राहिलेली नाही’ हे वाक्य माझ्याही घशाखाली उतरत नव्हतं.

पुढचे दिवस कठीण गेले. नवे बूट करता येत नव्हते, म्हणून ताई जुन्यांनाच ठिगळं लावत होत्या. लिफ्टवाल्या काकांचा चिरलेला तळ त्यांनी तीनदा शिवला, तरी तो पुन्हा उसवला. काका आता लिफ्टमध्ये स्टूल ठेवून बसायचे आणि त्यावरून वरच्यांची बोलणी खायचे. नर्सबाई घराबाहेर पडायच्या बंद झाल्या. हे सगळं ताईंच्या कानावर यायचं. त्या फक्त हातोडी जरा जोरात आपटायच्या.

आणि मग एका दुपारी गाण्याच्या बाईंचा फोन आला. त्या हळू आवाजात बोलत होत्या. आजूबाजूला कपबश्यांचा आवाज येत होता.

“ताईंना द्या लवकर. नाही, तुम्हीच ऐका. माझा पाय भिंतीवर टांगलाय.”

“काय?”

“वरच्या रस्त्यावर नवा कॅफे झालाय. मी तिथे त्या पायाखालीच बसलेय. माझ्या पायावर कुणाचं तरी हेल्मेट अडकवलंय!”

आम्ही धावतच गेलो. वरचा रस्ता म्हणजे आमच्या रस्त्याला समांतर, टेकाडावरचा. तिथल्या आमच्याच नंबरच्या गाळ्यात हा कॅफे उघडला होता. शटर काढून तिथे भलीमोठी काच बसवली होती, म्हणून तर आम्ही दोनदा समोरून जाऊनही आम्हाला काही कळलं नव्हतं. खालची दगडी पायरी मात्र फोटोतलीच होती.

आत एका अख्ख्या भिंतीवर आमचे साचे होते. तेल लावून चकचकीत केलेले, टाचा भिंतीला, बोटं बाहेर. गिऱ्हाइकं त्यांवर कोट, पिशव्या, छत्र्या अडकवत होती. गाण्याच्या बाई एका टेबलाशी ताठ बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर तो उजवा पाय, शेवटच्या दोन बोटांच्या जागी तिरका कापल्यासारखा, आणि त्यावर लाल हेल्मेट.

“असा पाय या शहरात एकच आहे,” त्या म्हणाल्या, “आणि तो माझा आहे.”

ताईंनी हेल्मेट उचललं. “कुणाचं आहे?” एका तरुणाने भीत भीत हात वर केला. “धरा.” मग त्यांनी साचा दोन्ही हातांनी पकडून ओढला. तो हलेना. टाचेतून स्क्रू घालून भिंतीला आवळला होता.

“अहो, अहो! काय करताय?” कॅफेवाला काउंटरमागून धावत आला. तिशीचा असेल, हाताला कॉफीची भुकटी लागलेली.

“माझं सामान काढतेय. पान्हा, स्क्रू-ड्रायव्हर, काही आहे का?”

“तुमचं सामान? विकत घेतलंय मी हे! डेकोरेटरने मागवून दिलंय, परदेशातल्या जुन्या कारखान्यातलं. माझ्याकडे बिल आहे.”

“असेल. बाई, बूट काढा.”

गाण्याच्या बाईंनी उजवा बूट काढून टेबलावर ठेवला. मी भिंतीशी जाऊन टेबलावरच्या सुरीच्या टोकाने स्क्रू फिरवायला लागले. कॅफेवाला माझा हात धरणार तेवढ्यात ताई आडव्या आल्या. साचा सुटला. ताईंनी तो बुटात सरकवला. टप्प आवाज झाला आणि तो असा बसला की बोटभरही जागा उरली नाही. ज्या जागी बोटं नव्हती त्याच जागी बूटही तिरका होता.

हेल्मेटवाला तरुण मान लांब करून बघू लागला.

“योगायोग असेल,” कॅफेवाला म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता.

“मग आणखी योगायोग बघू,” ताई म्हणाल्या. “अगं, लाव फोन सगळ्यांना. आणि त्या टायवाल्यालाही लाव.”

“मी पोलिसांना बोलावेन हां!”

“बोलवा. ते येईपर्यंत मला एक कॉफी द्या. साखर जास्त.”

पोलीस आले नाहीत, कारण त्याने बोलावलेच नाहीत. गिऱ्हाइकं मात्र आली. लिफ्टवाले काका गणवेशातच आले, कामावरून उठून. नर्सबाई कित्येक दिवसांनी घराबाहेर पडल्या. टपालकाका दारातच थांबले, पायरीकडे पाहून म्हणाले, “घर नंबर बरोबर, रस्ता चूक. नव्या माणसाला हेच होतं.” मग प्रत्येक जण भिंतीशी जाऊन आपला पाय शोधू लागला. कॅफेतल्या लोकांनी न सांगताच आपापले कोट उचलले. तो हेल्मेटवाला तरुण उंच होता, तो वरच्या रांगेतले काढून द्यायला लागला. “हा आखूड कुणाचा?” असं तो विचारायचा, आणि काका हात वर करायचे.

कॅफेवाल्याने डेकोरेटरला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. डेकोरेटर आधी म्हणाला, माल परदेशातलाच आहे. मग म्हणाला, शटर काढताना बाहेर एक पेटी पडली होती, बेवारस वाटली. मग फोन कटला. पुन्हा लागलाच नाही. कॅफेवाला फोनकडे बघत राहिला. त्या भिंतीसाठी त्याने किती मोजले होते ते त्याने सांगितलं नाही, पण तोंड पडलं होतं. थोड्या वेळाने तो आत गेला आणि खरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला.

“भिंत ओकीबोकी दिसेल हो,” तो साचे काढता काढता म्हणाला.

“दिसू दे. भिंतीला कुठे चालायचंय?” ताई म्हणाल्या.

टायवाले साहेब आले तेव्हा अर्धी भिंत उतरली होती. त्यांनी पायरी पाहिली, फोनमधला फोटो पाहिला, कपाळ पुसलं. “मॅडम, हे ताब्यात घेण्याआधी काही कागदपत्रं...”

“मी सही केली होती का?”

“नाही.”

“मग हे पाय कुणाचे?”

“तुमचे.”

“मागे ऐकू गेलं नाही.”

“तुमचे, मॅडम!”

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लिफ्टवाले काका तेवढे हसले. पण सगळंच काही सुखरूप नव्हतं. प्रत्येक साच्याच्या टाचेत स्क्रूचं भोक पडलं होतं. आणि काउंटरवर दोन दिवे होते, त्यांच्या बुडाला नर्सबाईंचे पाय होते. मधोमध करवतीने कापलेले, आरपार वायर घातलेले. पंजे होते, टाचा कुठे फेकल्या कुणास ठाऊक. नर्सबाईंनी एक दिवा उचलून छातीशी धरला. तेव्हा ताई त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर टेकल्या. कॅफेवाल्याने न मागता दुसरी कॉफी आणून त्यांच्यापुढे ठेवली. ती तशीच गार झाली.

पुढे त्या कापलेल्या जोडीचा आणि भोकांचा विमा मागायचा ठरला. साहेबांनी कारण लिहून आणलं, ‘पत्ता संदिग्ध असल्यामुळे’. ताईंनी ते खोडलं. आमचा पत्ता स्वच्छ होता, रस्त्याच्या नावासकट. मग कारण आलं, ‘हंगामी कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे’. तेही खोडलं. “तो एकटा कशाला? फोटो बघून ‘मिळालं’ म्हणणारा तो नव्हता. कंपनीने चुकीच्या दारात टाकली आणि शोधली नाही, असं लिहा.” त्या एका वाक्यासाठी ताईंनी इतक्या फेऱ्या घातल्या की काचेमागची मुलगी त्यांना पाहताच बाहेर येऊन खुर्ची पुढे करायची. एकदा ती हळूच म्हणाली, “सोडू नका हं, मॅडम.” अखेर ते वाक्य तसंच्या तसं लिहून आलं, शिक्का मारून. माझ्या नवऱ्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि ताईंच्या ताटात भाजी वाढली.

आलेल्या पैशांतून ताईंनी लाकडाचे दोन चांगले ठोकळे आणि पटाश्या आणल्या. लाकूड त्यांनी आजवर कधी कोरलं नव्हतं. ते बाबांचं काम. पण नर्सबाईंना घरी बसवून ठेवायचं त्यांच्या मनात नव्हतं.

नर्सबाई माप द्यायला आल्या. ताईंनी कापलेला जुना पंजा समोर ठेवला. “याच्यासारखाच करते. अगदी केसाइतकाही फरक नको.”

नर्सबाई चुळबुळल्या. “ताई, रागावणार नाही ना?”

“का?”

“त्याच्यासारखाच नको. बऱ्याच दिवसांपासून उजवी टाच टोचत होती. वयाने पाय पसरलाय माझा.”

ताई बघतच राहिल्या. “मग बोलला का नाहीत?”

“तुमच्या बाबांनी कोरलेला. त्याला नावं कशी ठेवायची?”

ज्या पायांसाठी ताईंनी सगळ्या शहराशी वैर घेतलं होतं त्यांतला एक इतके दिवस टोचत होता. ताईंच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग दुसरंच काहीतरी. त्यांनी जुना पंजा उचलून बाजूच्या फळीवर ठेवला.

“पाय इकडे करा,” त्या म्हणाल्या. “आणि यापुढे टोचलं तर त्याच दिवशी येऊन सांगायचं. आता कोरणारी मी आहे. माझ्याशी भांडलेलं मला चालतं.”

पहिला साचा बिघडला. तो त्यांनी चुलीत घालायला दिला. दुसऱ्यावर बूट चढला. नर्सबाई तो घालून दुकानाच्या दारापासून आतल्या भिंतीपर्यंत चालल्या, वळल्या, परत आल्या.

“कसा आहे?” मी विचारलं.

त्यांनी ताईंकडे पाहिलं. जरा घुटमळल्या. मग मान ताठ केली.

“टोचतोय अजून. डावीकडे, अंगठ्याजवळ.”

“शाब्बास,” ताई म्हणाल्या. “काढा बूट.”